काटा सहाशेच्या पुढे गेला तेव्हा

“हात लावू नकोस. तू फक्त मीटर वाच.”

चंद्रपूरच्या पॉलिटेक्निकमध्ये पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी मला हे सांगितलं. चौघांचं टेबल. तिघं पोरं सर्किट जोडायची, मी बाजूला उभी राहून आकडे सांगायची. मी चामोर्शीकडची, बौद्ध मजुराची पोरगी. “सवलतीवर आलेली,” सर सगळ्यांसमोर म्हणायचे. पोरं फिदीफिदी हसायची. आणि मी, बावळट, मान खाली घालायची. त्या मानेचा आजही राग येतो.

दोन ट्रान्झिस्टरचं करंट लिमिटर चाललं होतं. लोड कितीही वाढवा, काटा सहाशे मिलीअँपिअरवर अडायचा. का, ते कुणी सांगेना. आठवडाभर काट्याकडे बघून मलाच उमगलं. सगळा करंट एक ओहमच्या रेझिस्टरमधून जातो. त्यावर पॉइंट सहा व्होल्ट आले की दुसरा ट्रान्झिस्टर चालू होतो आणि पहिल्याच्या बेसचा, म्हणजे त्याला चालू ठेवणाऱ्या पायाचा, करंट ओढून घेतो. पहिला तिथंच आवळला जातो. हॉस्टेलवर मी एकटीच हसत सुटले होते.

शेवटच्या प्रॅक्टिकलला पोरांनी दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा बेस रेझिस्टरच्या भलत्याच टोकाला जोडला. काटा सहाशेच्या पुढे सरकला.

“बंद कर! जळून राह्यला!” मी ओरडले.

“चूप. तुले काय समजते?” त्यातला एक खेकसला.

धूर निघाला. ट्रान्झिस्टर गेला. सर धावत आले.

“हिनं हात लावला असणार.”

“मी नाई लावला, सर. बेस चुकीच्या टोकाले हाये. पाहा ना.”

सर वाकले. त्यांना चूक दिसली. दिसली, हे मी त्यांच्या तोंडावर वाचलं. तरी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. “माफीनामा लिही. नाहीतर जर्नलवर सही नाही.”

सही नाही म्हणजे परीक्षा नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक कळूनही माफी मीच मागायची?

त्या कागदावर मी सर्किट काढलं. चुकीच्या जोडणीवर फुली मारली. खाली लिहिलं, ‘मी हात लावला नाही. माझी प्रॅक्टिकल वेगळी घ्या.’ नाव लिहिलं, पूर्ण. आणि प्राचार्यांच्या खोलीकडे निघाले.

“वर्ष वाया जाईल तुझं,” सर मागून ओरडले.

मी वळले. त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

“गेलं तर पुन्हा येईन, सर. सर्किट मीच जोडीन. माफी नाई मागत.”