ओतलेली घागर

"ओत तिथं," भाऊसाहेब म्हणाले.

माय भरली घागर डोक्यावर घेऊन मैदानाच्या कडेला उभी. मी कारखान्याची पिवळी जर्सी अंगात घालत होतो. भाऊसाहेब म्हणजे आमच्या साखर कारखान्याच्या कबड्डी संघाचे व्यवस्थापक, चेअरमनचे मेहुणे. समोर मंडपात चेअरमन आणि त्यांची सगळी बडी धेंडं बसलेली.

दुष्काळाचं साल. कारखान्याचं धुराडं गार पडलेलं. आमच्या बौद्धवस्तीत टँकर कित्येक दिवस फिरकला नव्हता. मैदानावर मात्र आला होता. चेअरमनच्या चषकाची फायनल, माती उडायला नको, म्हणून सकाळपासून पाणी मारणं चाललेलं. मायनं ते पाहिलं आणि टँकरच्या नळाखाली घागर लावली. पोरगा कारखान्याचा खेळाडू, एका घागरीला कोण काय म्हणणार, असं वाटलं असेल तिला. भोळी होती.

टँकरवाला भला माणूस. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की साहेब. न्हाईतर टाकीत परत वततो."

"तिच्या घागरीतलं? टाकीत? येडा झालास का बे? तेच पानी पावन्यांच्या जेवनाला हाय." मग मायकडं वळून, "मैदानात ओत. पोरगं तुजंच खेळनार हाय."

मंडप हसला.

मी पुढं झालो. मायनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. डोळ्यांनीच थांबवलं मला. मग मैदानात गेली, वाकली आणि सगळी घागर मध्यरेषेपलीकडं ओतली. भेगाळल्या मातीनं ते पाणी क्षणात पिऊन टाकलं.

तिनं का थांबवलं, ते मला ठाऊक होतं. फायनल जिंकली की मला कारखान्यात कायमची नोकरी, असं चेअरमननं भर सभेत सांगितलं होतं. बाप मी रांगत होतो तेव्हाच गेला. तेव्हापासून माय दर साली ऊसतोडीला जायची. "तू नौकरीला लागला की कोयता चुलीत घालते बघ," म्हणायची. तिला दुसरं काही नको होतं.

सामना सुरू झाला. आमच्या संघात आमच्या वस्तीतला मी एकटा. गुण मिळाला की बाकीची पोरं मला मिठ्या मारायची. खेळात त्यांना माझं अंग चालायचं. घामानं निथळणारी मान, घोटे, मांड्या, सगळं. मायची घागर चालली नाही.

शेवटची चढाई. आम्ही एका गुणानं मागं. चेअरमन खुर्चीतून उठून उभे राहिलेले. मी दम घेतला आणि पलीकडं शिरलो. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आणि पाय पडला तो नेमका त्या ओल्या डागावर. बाकी मैदान सुकलं होतं, तिथली माती अजून काळी होती. तळव्याला गार लागली.

माझ्या मायचं पाणी मी तुडवत होतो. कुणासाठी?

मी तोंड मिटलं. दम सुटला नाही. मी सोडला.

शिट्टी. बाद. हरलो.

"काय केलंस बे हे?" भाऊसाहेब धावत आले. जर्सी काढून त्यांच्या पायाशी टाकली. म्हणालो, "मायची घागर भरून द्या. मग सांगतो."

कोण भरून देतंय? रिकामी घागर खांद्यावर घेतली आणि मायला घेऊन निघालो. छाती फुगली होती माझी. वाटलं, माय आता पाठीवरून हात फिरवेल.

घरात शिरली आणि भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. "कावून केलंस रं असं? मी गिळला ना त्यो घोट? तुज्यासाठीच गिळला ना? तुला न्हाई गिळता आला?"

त्या हंगामात ती परत कोयता घेऊन गेली, दूरच्या उसाच्या फडावर. मी नेकनूरच्या मामाकडं गेलो, तिथून बीड, पुढं पुणं. कंपनीच्या संघात लागलो. मग मोठ्या लीगमध्ये खेळलो, दिव्यांच्या झगमगाटात, मॅटवर. मॅटवर पाणी मारत नाहीत. पहिल्या दिवशी मी वाकून हात फिरवला. कोरडी होती. मला रडू आवरेना. सोबतच्यांना वाटलं, मैदानाच्या पाया पडतोय.

तोवर माय गेली होती. फडावरच, पाचटाच्या झोपडीवजा कोपीत, तापानं. मला मॅटवर खेळताना तिनं कधीच पाहिलं नाही. कोयता काही चुलीत गेला नाही. हे दुःख मला मरेपर्यंत पुरणार आहे.

आता गुडघा गेला, खेळ संपला. परवा फोन आला. चेअरमनचा मुलगा, आता तोच चेअरमन. "तेच मैदान, तुमचा सत्कार. आन् चषकाला तुमच्या मातोश्रींचं नाव देऊ."

मातोश्री! जिवंत होती तेव्हा 'ए बाई' होती.

औंदाही पाऊस नाही. विचारलं, "मैदानावर पाणी मारणार?"

"मंजे काय! टँकर सांगितलाय ना."

"आणि वस्तीत?"

म्हणाला, "ते बगू नंतर. आदी कार्यक्रम होऊ द्या."

मी सांगितलं, माझ्या मायचं नाव तुमच्या चषकावर लागणार नाही. आणि फोन ठेवला.

पण त्या दिवशी मी गावात जाणार आहे. सत्काराला नाही. तिची घागर माझ्याजवळ आहे, ती घेऊन. वस्तीतल्या बायांना निरोप धाडलाय. टँकर मैदानाकडं वळला की त्याच्या चाकापुढं बसणार. गुडघा गेला असला तरी बसता येतं. वस्तीतली शेवटची घागर भरेपर्यंत उठणार नाही.

भाऊसाहेब येतील, चेअरमन येईल, पोलीस येतील. येऊ देत. मला डोळ्यांनी थांबवणारं आता कुणी उरलेलं नाही.