घोषणा आणि पासवर्ड
छापखान्याच्या शाईचा वास आला की शुक्रवार पेठेतलं विडी कामगार संघटनेचं तापलेलं कार्यालय आठवतं. आमच्या खात्यावर मेल आला होता: अनोळखी संगणकावरून कुणीतरी शिरलंय, इथे दाबून पासवर्ड बदला. त्याच खात्यात विडी कारखान्याविरुद्ध तक्रार केलेल्या बायकांची नावं होती. ती कळली की त्यांना कामावरून हाकलायला मालक टपलेलाच. घाबरून मी बोट पुढं केलं. "लिंकला हात लावू नगं की!" कार्यालयातली ताई ओरडली. "मेलच खोटा आसंल तर? सरळ खात्यात जाऊन बघ." बघितलं, तर घुसखोरी खरीच होती. ताईनं नुकतंच छापून आलेलं पत्रक पुढं सरकवून त्यावरच्या घोषणेवर बोट ठेवलं. आमची घोषणाच पासवर्ड होती, आणि ती पत्रकावर छापून गावभर आम्हीच वाटली होती. पासवर्ड बदलला आणि त्या बायकांना सावध करायला मालकाच्या आधी आम्ही त्यांच्या दारी पोचलो. पण आजही मोर्चात ती घोषणा उठली की आधी त्या बायकांची नावं आठवतात.