बटण एकदाच दाबायचं

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. डोकं इतकं थंड, की घराला आग लागली तर हा आधी चपला जोडीने लावेल आणि मग बाहेर पडेल. अडकलेल्या माणसांना त्याचा हा स्वभाव फार उपयोगी पडतो. बंद दाराला तोंड लावून तो विचारतो, "पिशवीत काय आणलंय?" आतलं माणूस चिडतं, मग खरंच पिशवी उघडून बघतं, तोवर हा दार सरकवतो. भांडायला मात्र असला नवरा अगदी कुचकामी.

अशा माणसाची आई लिफ्टमध्ये अडकली, तीही आमच्याच इमारतीत. दिव्याखाली अंधार. वीज गेली, परत आली, पण लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच थांबून राहिली. सासूबाईंनी मदतीच्या फोनचं बटण दाबलं. कोणी बोललं नाही. पुन्हा दाबलं. शेवटी त्यांनी दार बडवलं, ते शेजारणीला ऐकू गेलं, तेव्हा कुठे आम्हाला कळलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा अंगठा लालभडक झाला होता.

त्या दिवसापासून त्या खाली उतरल्या नाहीत. जिना गुडघ्यांना झेपत नाही आणि लिफ्ट मनाला. भाजी आणणं, दवाखाना, बागेतल्या मैत्रिणी, सगळं सुटलं. दिवसभर खिडकीत बसून मला सांगत राहतात, खालच्या बाकावर आज कोण कोण आलंय. मला ते ऐकवत नाही.

फोन बिघडलेला नव्हता. पूर्वी लिफ्टच्या फोनला स्वतःची तार असायची. आता तो इंटरनेटवर चालतो, आणि त्याच लाइनवर विजेचे मीटर, कॅमेरे, पाण्याच्या पंपाचे डबे, सगळी मंडळी असतात. वीज परत आली की सगळे एकदम आत घुसू बघतात. म्हणून नेटवर्कच्या जाणकारांनी एक नियमावली लिहायला घेतली होती: गर्दी करू नका, प्रत्येकाने जरा थांबून मग जोडणी मागा. अजून नुसता मसुदाच होता तो, पण फोन बनवणाऱ्या कंपनीने आधीच उचलला होता.

नवऱ्याने तो मसुदा शोधून काढला. शेवटी लिहिलं होतं की बदल कोणीही सुचवू शकतो. सभासद असायची गरज नाही, फी नाही. दिलेल्या पत्त्यावर मेल पाठवायची, ती सगळ्यांना दिसणार, आणि नाव मात्र खरं हवं.

"कोणीही म्हणजे मीसुद्धा?" त्याने मला विचारलं.

"का? तू कोणीच नाहीस का?"

त्याने आईची सगळी कहाणी लिहून पाठवली. उत्तर लगेच आलं आणि अगदी सभ्य आलं: वाचून वाईट वाटलं, पण नेमकं कोणतं वाक्य बदलायचं आणि त्याच्या जागी काय घालायचं, ते कळवा. मग त्याने सुचवलं, लिफ्टच्या फोनला थांबायला लावू नका. त्यावर मसुदा लिहिणाऱ्या समितीतल्या एका बाईंनी लिहिलं, "मग प्रत्येक कंपनी म्हणेल, आमचा डबाही लिफ्टच समजा. रांग उरेलच कुठे?" मला असा राग आला त्यांचा! नवरा म्हणाला, "बरोबर बोलतायत त्या."

मेल सगळ्यांना दिसते, आणि सगळ्यांत त्याचा मालकही आला. फोनवाली कंपनीच मालकाला कामं देणारी. "पुन्हा तुझं नाव तिथे दिसलं, तर इथे दिसणार नाही," मालकाने सांगितलं. पाठवलेलं परत घेता येईना, पुढचं पाठवता येईना. इकडे आड, तिकडे विहीर. सूचनांची मुदत संपत आली होती. आणि सासूबाई खिडकीत.

सुट्टीच्या दिवशी तो आमच्या लिफ्टमध्ये स्वतःला कोंडून घेऊन फोन लावून बघायचा. उशिरा, पण दरवेळी लागायचा.

"मग आईंचा का लागला नाही?" मी विचारलं. तो परत आत शिरायला निघाला. "यावेळी मी बसते आत," मी म्हटलं.

त्याने लिफ्ट मधेच थांबवली, वीज काढली, परत दिली. तो भिंतीपलीकडे उभा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी घाईघाईने हात बटणाकडे गेला. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग आरशात माझाच चेहरा दिसला आणि मी दाबतच सुटले.

बाहेरून आवाज आला, "पिशवीत काय आणलंय?"

"तुझं डोकं!" मी ओरडले. फोन लागलाच नाही.

बाहेर येऊन मी जिन्यावर बसले. तो माझ्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"किती वेळा दाबलंस?"

"मोजत बसू?"

"मी एकदाच दाबतो," तो म्हणाला, आणि त्याने मसुदा उघडला. वाक्य तिथेच होतं, त्याने कितीदा तरी वाचलेलं: पुन्हा मागणी केली, तर थांबण्याचा वेळ पहिल्यापासून सुरू. घुसखोरांना आवरायला घातलेलं. आपण घुसखोर नाही, म्हणून ते आपल्यासाठी नाही असं समजून हा पुढे गेला होता. म्हणजे जो जितका घाबरेल, तितकं त्याचं उत्तर लांब जाणार. सासूबाई आत एकट्या दाबत होत्या आणि दर दाबण्यागणिक मदत लांब ढकलत होत्या. मला रडूच फुटलं.

सूचना माझ्या नावाने गेली. मालकाला माझं नाव कुठे ठाऊक! एकच वाक्य: पुन्हा मागणी केल्याने आधीचं थांबणं नव्याने सुरू होऊ नये. यात लिफ्टचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे कोणाला खोटी लिफ्ट व्हायची सोय उरली नाही. त्याच बाईंनी विचारलं, "हे कशाच्या आधारावर सुचवता?"

मी लिहिलं, "मी आत होते."

समितीच्या अध्यक्षांनी कळवलं, ठरल्या तारखेपर्यंत कोणाची हरकत आली नाही तर मान्य समजू. म्हणजे पुन्हा गप्प बसा आणि वाट बघा. मी सारखी मेल उघडायची आणि नवरा म्हणायचा, "दाबू नकोस." तारीख उलटली. हरकत आली नाही. वाक्य मसुद्यात गेलं.

मी धावत खिडकीपाशी गेले. "आई, झालं! उठा, खाली जाऊ." त्या खरंच उठल्या. दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या. तेवढ्यात नवरा बोलला, खोटं बोलता येत नाही ना त्याला.

"आई, नियम नव्या फोनांना लागणार. आपला जुनाच राहील, कंपनी काही तो बदलून देत नाही. अडकलीस तर बटण एकदाच दाबायचं. एकदाच, आणि थांबायचं."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"आणि भीती वाटली तर?"

अडकलेल्या माणसांना बोलतं ठेवणाऱ्या माझ्या नवऱ्याने नुसतं दार उघडून धरलं. सासूबाईंनी चपला काढल्या, जोडीने लावल्या आणि परत खिडकीत जाऊन बसल्या.