बंद दाराबाहेरचे साडू

माझ्या थोरल्या साडूंच्या पोटात आजवर एकही गोष्ट राहिलेली नव्हती. खर्डीच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी प्रार्थनेच्या विनंत्या सांगायचं काम त्यांच्याकडे. दुसरा कुणी 'एका आजारी भावासाठी' एवढ्यावर भागवेल. साडू नाव, गाव, अवयव, सगळं सांगतात. माझ्या मूळव्याधीसाठी त्यांनी इतक्या तपशिलानं प्रार्थना करवली, की पुढे दोन महिने खर्डी स्टेशनवर भेटेल तो मला "आता बसता येतं ना?" विचारायचा. मनानं मात्र सोन्यासारखा माणूस. कुणाचं दुखणं ऐकलं की त्यांना खरोखर जेवण जात नाही.

गेल्या वर्षी त्यांची एकुलती लेक बाळंतपणात गेली. साडूंनी रविवारच्या उपासनेत उभं राहून साक्ष दिली, लेक प्रभूच्या घरी आनंदात आहे. ताईची, म्हणजे माझ्या मेहुणीची, झोप उडाली. लगेच पुढच्या रविवारी साडूंनी विनंती सांगितली, "आमची बाई लेकीचा गाऊन उशाला घेऊन निजते. तिच्यासाठी प्रार्थना करा." चाळीस माणसांनी कळवळून केली. ताईनं उपासनेला येणं सोडलं आणि नवऱ्याशी 'जेवा' यापलीकडे बोलणंही.

डॉक्टरांनी तिला शहापूरला समुपदेशन करणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. दर गुरुवारी साडू बरोबर जायचे, पण पहारा द्यायला. पहिल्याच दिवशी दाराच्या चौकटीला हात लावून त्यांनी प्रार्थना केली. नंतर आमच्याकडे चहाला येऊन म्हणाले, "भिंतीवर निस्तं घड्याळ. देवाचं नाव नाय, सैतानाचं पन नाय. मग तिथं बसलंय कोन?" मॅडम डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात हे कळल्यावर तर ते हादरलेच. "मन रिकामं केलं, की कोन पन शिरतो," म्हणाले.

एका गुरुवारी त्यांनी मॅडमनाच गाठलं. "आमची बाई आत काय बोलली?"

"ते त्यांचं आहे. त्यांनाच विचारा."

"आमच्यात लपवायची पद्धत नाय."

"म्हणूनच त्या इथे येत असतील," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

त्या दिवशी साडूंचा चहा निवला. हे एवढंच मला सांगून ते बशी तशीच ठेवून उठले.

पुढे एका रविवारी ताई आपणहून आली आणि अगदी दाराजवळ बसली. साडू विनंत्या सांगायला उठले. सगळे कान देऊन बसले. "माज्या घरासाठी प्रार्थना करा," ते म्हणाले. "काय ते प्रभूला ठावं हाय." आणि चक्क खाली बसले.

उपासनेनंतर दोघं भाताच्या बांधावरून घरी निघाली. ताई बोलत होती, साडू मान खाली घालून ऐकत होते.

मॅडमवरचा त्यांचा संशय अजून गेलेला नाही. चौकटीला हात लावल्याशिवाय ते दाराबाहेरच्या बाकावर टेकत नाहीत. पुढच्या गुरुवारी मी सवयीनं विचारलं, "काय म्हणाली हो ताई त्या दिवशी बांधावर?"

साडूंनी बशीतला चहा फुंकला. "ते तिचं हाय," म्हणाले.

मला फार बरं वाटलं. आणि खोटं कशाला सांगू, थोडं एकटंही वाटलं.