‘या की’चं माप

मला आयुष्यात भूकंपानं हलवलं नाही, लॉटरीनं हलवलं नाही, शाळेच्या तपासणीला येणाऱ्या साहेबांनी तर नाहीच नाही. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या दाजींनी, गेल्या पस्तीस वर्षांत मला इतके धक्के दिलेत की त्यांच्या दाराची बेल वाजवण्याआधी मी जिन्याचा कठडा घट्ट धरून ठेवते. जगातल्या यच्चयावत मोबाईलवाल्यांनी कॅमेरे वाढवले, पडदे वाढवले, पण मोबाईलला अजून नाक नाही, जीभ नाही आणि लाज नाही, हे दुःख अख्ख्या पृथ्वीतलावर एकट्या दाजींना आहे. आणि ते दुःख ते कुणालाही, कुठंही, उभ्या उभ्या सांगतात. मला तर सांगितलं ते माझ्या मुलीच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, आणि त्यांचा आवाज भटजींपेक्षा मोठा होता.

सोलापूरच्या भवानी पेठेत दाजींचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. पेठेतला कुठलाही व्यापारी असो, त्याचा काटा अडला, झुकला, खोटं बोलायला लागला की दाजींकडे यायचा. तराजूच्या दांडीला फुंकर मारून ती किती हलते यावरून दाजी दुकानदाराचा स्वभाव सांगायचे. पुढं इलेक्ट्रॉनिक काटे आले. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. दाजींनी पहिल्याच दिवशी एक नवा कोरा काटा उघडला, आणि आत त्यांना बोटभर लांबीची एक साधी पट्टी सापडली. सगळं वजन म्हणे तिला कळतं! दाजी दोन दिवस ती पट्टी खिशात घेऊन हिंडले. ज्याचा काटा होता ते गिऱ्हाईक दोन दिवस त्यांच्या मागं हिंडलं. “मेहुणबाई,” मला म्हणाले, “एवढ्याशा सेन्सॉरला साखरंचं वजन कळतंय, मग दहा-वीस हजाराच्या मोबाईलला मानूस का कळू नये? सांग की!” मी काय सांगणार, कपाळ माझं? मी शाळेत मुलांना व्याकरण शिकवते. तेवढ्यापुरतं म्हटलं, “दाजी, सेन्सॉर नव्हे, सेन्सर.” तर म्हणाले, “सेन्सर म्हटलं की हलकं वाटतं. सेन्सॉर म्हटल्यावर जरा वजन येतं.”

पहिला सेन्सॉर नाकाचा. फोन पातेल्यावर धरला की दूध आज नासणार का उद्या, ते त्यानं सांगावं. आता असा फोन निघेपर्यंत माणूस थांबेल की नाही? दाजी थांबले नाहीत. फोनला आधीपासून वासाची सवय असावी म्हणून त्यांनी स्वतःचा फोन शेंगाचटणीच्या डब्यात सकाळपासून दुपारपर्यंत पुरून ठेवला. आक्का, म्हणजे माझी बहीण, जेवायला बसली, चमचा घातला, आणि चटणीतून बँकेच्या मेसेजचा टिंग असा आवाज आला. तिनं मारलेली किंकाळी मी फोनवरून ऐकली, कारण मीच तेव्हा तिच्याशी बोलत होते. त्या दिवसापासून पुढं महिनाभर दाजींना फोन करणारा प्रत्येक माणूस तोंडात घास घेऊन बोलतोय असं त्यांना ऐकू यायचं.

दुसरा सेन्सॉर पाण्याचा. जुळे सोलापुरात त्यांचा फ्लॅट आहे, आणि आमच्याकडं नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं. ते नेमकं कधी येईल हे सोडणाऱ्याला तरी ठाऊक असतं का, याची मला शंका आहे. फोन नळाच्या पायपाला टेकवला की पाणी किती गल्ल्या लांब आहे ते कळलं पाहिजे, असं दाजींचं म्हणणं. त्यासाठी एका भर उन्हात ते कॉलनीच्या मोठ्या पायपाला टॉवेलनं फोन बांधून, कान लावून, आडवे पडले. समोरच्या वहिनींना वाटलं, चक्कर येऊन पडले! त्या बिचारीनं घरात साठवलेली शेवटची कळशी आणून त्यांच्या तोंडावर ओतली. मी धावत गेले तर दाजी निथळत उभे, आणि वहिनींनाच रागवत होते, “अहो, पिण्याचं पानी व्हतं की ते!”

लाजेच्या सेन्सॉरबद्दल तर मी माहेरच्या माणसांसमोर बोलतच नाही. घरात लुंगीवर बसून जो माणूस “सात रस्त्याला पोचलोय, आलोच” असं सांगतो, त्याचा फोन तत्क्षणी कानाला चटका बसेल इतका तापला पाहिजे, ही ती योजना. माझ्या नवऱ्याकडं बघून त्यांनी ती सांगितली. नवऱ्यानं फोन कानापासून दूर धरला तो आजतागायत.

आता हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि आम्ही नेतही होतो. पण दीड वर्षांपूर्वी आक्का पुण्याला गेली. भाच्याला मुलगी झाली, सून नोकरीवाली, म्हणून आक्का दोन महिन्यांसाठी गेली ती राहिलीच. भाचा म्हणतो, या की बाबा. आक्का म्हणते, या की ओ तुमी पन. आणि दाजी जाईनात! जुळे सोलापुरात एकटे राहायचे, एकटे जेवायचे. का, तर म्हणे ते बोलावणं खरं आहे का नुसतं तोंडदेखलं, हे कळत नाही. यामागं एक जुनं दुखणं आहे. तरुणपणी एक व्यापारी त्यांना रोज म्हणायचा, “कधी बी या की जेवायला, जोडीनं या.” दाजी सरळ माणूस. एका रविवारी आक्काला नवं लुगडं नेसवून, पेढे घेऊन गेले. तर तो व्यापारी दाराला कुलूप लावत होता. “अरे वा, इकडं कुणीकडं?” म्हणाला. त्या दोघांनी पेढे परत येताना रस्त्यात खाल्ले. तेव्हापासून दाजी कुणाच्या बोलावण्यावर पाय उचलत नाहीत.

आमच्या सोलापुरात वाक्य ‘की’ लावल्याशिवाय उठतच नाही. ये की, बस की, खा की, जा की. बाहेरच्या माणसाला सगळे ‘की’ सारखेच वाटतात. दाजींचं संशोधन असं की सगळी मेख त्या ‘की’च्या लांबीत आहे. मनापासून बोलावणारा माणूस ‘की’ लांबवतो. उरकणारा तो तोडतो. फोनमध्ये या ‘की’चा सेन्सॉर बसला तर जगातले निम्मे अपमान टळतील, असं ते म्हणायचे. मी नेहमीसारखी हसले होते.

एका रविवारी सकाळी मी शेंगाचटणी घेऊन त्यांच्याकडं गेले. दाजी टेबलाशी दोन फोन घेऊन बसले होते. एकावर बोलायचं आणि दुसऱ्या जुन्या फोनवर ते बोलणं रेकॉर्ड करायचं. मग पडद्यावर आवाजाच्या रेघा उमटतात, त्यातली ‘की’ची रेघ मोजायची. “कुणाकुणाचं मोजलंत?” मी सहज विचारलं. “सगळ्यांचं,” दाजी म्हणाले, आणि बोटानं एक बटण दाबलं. फोनमधून एक बाई बोलली, “याकीएकदाघरीदाजी!” पाठोपाठ स्कूटर सुरू झाल्याचा आवाज, आणि बाई गेली. ती बाई मी होते.

मी उडालेच! “दाजी! तुम्ही माझं बोलणं चोरून रेकॉर्ड करता? सख्ख्या मेहुणीचं?” “चोरून कशाला? खिशात फोन व्हता, तू खाली फाटकात हुतीस,” दाजी अगदी शांतपणे म्हणाले. “तुझा पाव सेकंद भरला. तसं वाईट न्हाय. तुझ्या नवऱ्याचा तर सापडलाच न्हाय.” मला इतका राग आला की चटणीचा डबा घेऊन परत निघावं असं वाटलं. पण पाय निघेना, कारण ते खरं होतं. मी दर वेळी फाटकात गाडीवर बसून, किल्ली फिरवता फिरवताच ते म्हणत होते.

“माझं राहू द्या. आक्काचा किती?” मी विचारलं.

दाजींनी जुना फोन जवळ ओढला. मग त्यांनी एकामागून एक ऐकवायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यातली आक्का: “या कीऽऽ ओ!” दीड सेकंद. संक्रांतीची आक्का: एक सेकंद. पाडव्याची: अर्धा. आणि परवाची: “या की.” बस, एवढंच, फळ्यावर टिंब द्यावं तसं. “काटा खोटं बोलत न्हाय, मेहुणबाई,” दाजी म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. “तिला आता सवय झाली माझ्याबिगर. चांगलं हाय की. आज सांजच्याला तिचा फोन आला की सांगून टाकनार हाय, आता बोलवत जाऊ नका म्हणून. हितंच मेसचा डबा लावतो वर्षाचा.”

मला धक्का बसला, पण हा धक्का नेहमीचा नव्हता. पस्तीस वर्षांचा संसार हा माणूस एका अक्षरावर मोडीत काढायला निघाला होता, आणि त्याला ते शास्त्र वाटत होतं. “द्या तो फोन इकडं!” म्हणून मी तो ओढला. ते रेकॉर्डिंग पुसून टाकायचा माझा विचार होता. पण मला ते यंत्र कुठं येतंय? घाईत भलतंच काहीतरी दाबलं गेलं आणि परवाचं बोलणं पुन्हा सुरू झालं. आणि दाजी नेहमी ‘की’वर बंद करायचे, ते मला बंद करता आलं नाही, म्हणून ते पुढं चालत राहिलं.

“या की,” आक्का म्हणाली.

“बघू,” दाजी म्हणाले.

मग काहीच नाही. नुसती खरखर, आणि लांब कुठंतरी नात रडत होती. बऱ्याच वेळानं आक्का म्हणाली, “बरं. दूध तापवून ठेवा तेवढं.”

मी दाजींकडं बघितलं. मग पाडव्याचं लावलं. “बघू.” संक्रांतीचं लावलं. “बघू.” अगदी पहिल्या महिन्यातलं, दीड सेकंदाचं, ज्यात आक्का लहान मुलीसारखी हाक मारत होती, त्याच्याही पुढं तेच, खिळा ठोकल्यासारखं: “बघू.” आणि दर वेळी त्यानंतरची ती शांतता, आणि मग “बरं.” शांतता दर वेळी थोडी लांब होत गेली होती.

“दाजी,” मी म्हटलं, “किती दिवस एकटीनं लांबवायचं तिनं? तुमच्या ‘बघू’चं माप घेतलंत का कधी?” बोलताना माझा आवाज चढला, आणि मला तो आवरावा असंही वाटलं नाही.

दाजींनी फोन हातात घेतला. पुन्हा एकदा ऐकला. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत ऐकला. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासलेला माणूस. त्याला चूक कुठं आहे ते दाखवावं लागत नाही. “अरारारा,” असं पुटपुटले. “उनं माप माझंच हाय की गं. मी एकच पारडं बघत बसलो.” आणि ते उठले. मला वाटलं पाणी प्यायला गेले. पाच मिनिटांनी आतून आले ते इस्त्रीचा शर्ट घालून आणि हातात पिशवी घेऊन. “चल, टेसनावर सोड,” म्हणाले. “अहो, आक्काला कळवा तरी!” “कळवलं तर ती परत ‘या की’ म्हननार, अन् मी परत मोजनार. नको. साकु.” दाजी फार हलले की असे कानडीत शिरतात; साकु म्हणजे पुरे.

स्कूटरवर मागं बसून ते स्टेशनपर्यंत पिशवी पोटाशी घट्ट धरून होते. गाडीत चढताना वळून म्हणाले, “जागा न्हाय तितं, माहितेय मला. हॉलमधी झोपीन की.” साठी उलटलेला माणूस, आणि चेहरा पहिल्यांदा सासुरवाडीला निघाल्यासारखा.

गाडी हलल्यावर मला राहवेना. मी आक्काला फोन केला. “दाजी निघालेत. दुपारच्या गाडीनं. तुझ्याकडं.” मला वाटलं, आता ही रडणार. तर ती ओरडलीच, “अगं भवाने, हे आत्ता सांगतीस? ज्वारीचं पीठ संपलंय हितं! त्यांना चपाती खाऊन पोट भरल्यासारखं वाटतंय का कधी! आता ह्या पुण्यात रविवारचं कुटनं दळून आणू मी? थांब, ठेव फोन. ठेव म्हणते ना!” आणि तिनंच ठेवला. मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून हसत होते, आणि पदरानं डोळे पुसत होते, आणि एक हमाल माझ्याकडं काळजीनं बघत होता.

या गोष्टीला आता सहा महिने झाले. दाजी तिकडं रमलेत. नात का रडते, भुकेनं का झोपेनं, हे सांगणारा सेन्सॉर फोनमध्ये बसला पाहिजे म्हणून ते तिच्या पाळण्याशी बसून असतात, आणि आक्का म्हणते, त्यांना तो लागतच नाही, बघूनच कळतं त्यांना. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटला कुलूप आहे. परवा मी घरी वांग्याची भाजी आणि कडक भाकरी केली होती, दाजींच्या आवडीची. पानं वाढताना एकदम लख्ख दिसलं, की वर्षभर हा माणूस माझ्या घरापासून दहा मिनिटांवर एकटा बसून जेवत होता. एक ताट जास्त वाढायला मला काय झालं होतं? नवऱ्यानं विचारलं, जेवत का नाहीस म्हणून. मी म्हटलं, तिखट झालंय जरा.