आमच्या जावयांचं कच्चं लिंबू

आमचे जावई इंद्रजीत हे एका सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक आहेत. हे मी म्हणत नाही, त्यांच्या कार्डावर छापलं आहे. कार्ड उलटं केलं की मागच्या बाजूला ते बोर्ड गेम्सचे डिझायनर आहेत. पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, हे छापणाऱ्याला कसं कळलं असेल, असं मला नेहमी वाटतं.

दिवसा हे लिहिणं जमत नाही. आमचे हे, म्हणजे श्रीधर, खांद्यावरून वाचतात आणि म्हणतात, "अगं, जावई आहेत ते." म्हणून सगळे झोपल्यावर लिहायला बसले आहे.

कंपनीचं काम असं की, वाकड-हिंजवडीकडच्या सोसायट्यांना पाण्याचा टँकर कधी येणार ते मोबाइलवर कळतं. कंपनी टँकर आणत नाही, कधी येणार तेवढं सांगते. लेकीच्या, पूर्वाच्या, सोसायटीतही हे ॲप आहे. टँकरचा हॉर्न वाजतो, वॉचमन फाटक उघडतो, टाकी भरायला लागते आणि मग पूर्वाच्या मोबाइलवर येतं, 'टँकर लवकरच पोहोचत आहे.' याला इंद्रजीतराव 'बीटा' म्हणतात, म्हणजे अजून चाचणी चालू आहे. लग्नाच्या आधीपासून तो बीटाच आहे.

माणूस मूळचा हिंजवडीचा. वडिलांची, ज्ञानदेवरावांची, जमीन आयटी पार्कात गेली आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी मुलांची हॉस्टेलं बांधली. चिरंजीव इंजिनियर झाले आणि ज्या जागेवर एके काळी घरचा ऊस उभा असायचा, तिथल्याच एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागले. दोन वर्षांत बाहेर पडले. "आई, दुसऱ्यासाठी काम करणं माझ्या स्वभावात नाही," असं त्यांनी बघण्याच्या कार्यक्रमातच मला सांगितलं होतं. स्वतःसाठी काम करणं स्वभावात आहे का, हे विचारायचं राहून गेलं. आधी त्यांनी पार्किंगची रिकामी जागा शोधून देणारी कंपनी काढली. ती बंद पडली. मग घरगुती डबे पोचवणारी काढली, तीही बंद पडली. साखरपुड्यात ज्ञानदेवराव मला म्हणाले होते, "ताई, आमच्या इंद्याला खेळायला कंपनी काढून दिलीया. बुडली तर बुडली. असू दे की, पोरगं हाय." पोरगं तेव्हा बत्तीस वर्षांचं होतं. मला वाटलं, मोठा मोकळा माणूस दिसतो.

आणि खेळ! त्यांच्या हॉलची एक अख्खी भिंत खेळांच्या खोक्यांनी भरली आहे. दर शनिवारी त्यांचे मित्र जमतात. सगळे घोडे झालेले, कुणाला टक्कल पडलेलं. टेबलावर युरोपातलं कुठलंसं खेडं मांडतात, शेत नांगरतात, लाकडाच्या मेंढ्या पाळतात. हिंजवडीच्या शेतकऱ्याचा मुलगा वाकडच्या फ्लॅटमध्ये बसून मेंढ्यांना चारा कमी पडला म्हणून डोकं धरतो. मी स्वतः पाहिलं आहे.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. लेकीचा संसार, लेकीची हौस. पण पूर्वाने परवा फोनवर सांगितलं, "आई, सोमवारी राजीनामा देतेय. इंद्रच्या कंपनीत जॉइन होते. सहसंस्थापक म्हणून."

पूर्वा स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. बांधकामाचे नकाशे तपासते. तिच्या सहीशिवाय तिच्या ऑफिसच्या साइटवर स्लॅब ओतत नाहीत. एकदा तिने सही नाकारली, म्हणून एका बड्या बिल्डरला मजलाभर सळ्या पुन्हा बांधाव्या लागल्या होत्या. तो हिच्या साहेबांकडे ओरडत गेला आणि साहेब म्हणाले, "मॅडम नाही म्हणाल्यात ना? मग नाही." हे सांगताना तिचा चेहरा कसा झाला होता ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. ती नोकरी सोडून ही टँकरची वाट बघत बसणार. घरात तेवढाच एक पगार वेळेवर येतो, तोही थांबणार. त्या फोनपासून माझं जेवणात लक्ष नव्हतं.

धोंड्याचा महिना चालू होता. जावयाला जेवायला बोलवायचंच होतं, ते याच रविवारी दुपारी बोलावलं. म्हटलं, पोटभर वाढावं आणि विषय काढावा.

जावई पूर्वाला घेऊन अडीचला आले. पानं साडेबाराला मांडली होती. पुरणाचे धोंडे गार, अनारसे मऊ.

"आई, सॉरी हं. ट्रॅफिक."

"असू द्या," मी म्हणाले. धोंड्याच्या महिन्यात जावयाला दुसरं काय म्हणतात?

जेवताना त्यांनी वरणाची वाटी नव्या टेबलक्लॉथवर सांडली. "असू द्या, असू द्या," हे म्हणाले. वाण दिलं, ओवाळलं, पाया पडून झालं. मी राजीनाम्याचा विषय काढणार, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून एक खोकं काढलं.

"बाबा, आई, नवा गेम. अजून बाजारात नाही. आज तुम्ही टेस्टर."

खेळाचं नाव 'घरी कधी?' पुठ्ठ्याच्या पटावर हिंजवडीपासून आमच्या कसबा पेठेपर्यंतचा रस्ता काढलेला. फासा टाकायचा, पत्ता उचलायचा आणि सोंगटी घरी पोचवायची. 'पंक्चर'चा पत्ता आला की बाद. म्हणजे जो माणूस दोन तास त्या रस्त्यात अडकून आला होता, तोच आता तोच रस्ता माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरून पुन्हा त्यात अडकायला निघाला होता. वर आम्हाला बरोबर घेऊन.

"आई नवीन आहेत," जावई म्हणाले. "आई कच्चं लिंबू."

लहानपणी गल्लीत खेळताना एखादं शेंबडं पोर रडत मागे लागलं, की त्याला कच्चं लिंबू करून घ्यायचे. ते धावतं, ओरडतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते आउट झालं तरी आउट नसतं. खेळात असून नसल्यासारखं. या वयात मला जावयांनी ती पदवी दिली. हे मात्र निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ऑफिसला निघाल्यासारखे खूश होते. त्यांची सोंगटी विद्यापीठ चौकात अडकली होती आणि ते खरोखर तोंडाने हॉर्न वाजवत होते.

पूर्वाने पत्ता उचलला. पंक्चर.

"राहू दे गं, परत टाक," जावई म्हणाले.

थोड्या वेळाने पुन्हा पंक्चर.

"हे नाही धरायचं. दुसरा घे."

ह्यांना पंक्चर आलं, तेव्हा मात्र सोंगटी उचलून खोक्यात गेली. "बाबा, रूल म्हणजे रूल."

मी विचारलं, "इंद्रजीतराव, पूर्वा तुमच्या कंपनीत येणार म्हणे. काम काय करणार?"

"आई, काम काय, कंपनीच तिची आहे!"

"ती नाही म्हणाली तर एखादी गोष्ट थांबेल का?"

ते मनापासून हसले. त्या हसण्यात खोट नव्हती, हे मी नमूद करते. "आई, तुम्ही उगाच टेन्शन घेता. पूर्वाला तिथे कसलंही टेन्शन नाही. चुकली तरी चालेल, नाही आली तरी चालेल. पूर्वा म्हणजे आमचं कच्चं लिंबू!"

बाद झाल्यावरही चालू ठेवलेला हॉर्न ह्यांनी थांबवला.

पूर्वाच्या हातात पत्ता होता. तिने तो पालथाच ठेवला.

"इंद्र, माझी चूक झाली तर तिकडे काय होईल?"

"काहीच नाही होणार गं! तेच तर सांगतोय."

"आणि मी बरोबर असले तर?"

"तरी..." एवढं म्हणून जावई थांबले. एवढ्या वर्षांत मी त्यांना वाक्य अर्धं सोडताना पहिल्यांदा पाहिलं.

"मग मी तिथे करणार काय?"

पूर्वाने पालथा पत्ता उलटला. साधा सिग्नल होता, पुढे जाता आलं असतं. पण तिने आपली सोंगटी उचलली आणि खोक्यात टाकली. "मघाशीच पंक्चर झालं होतं. दोनदा. मी बाद आहे."

जावई पटाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. बायकोशी बोलेल. त्यांनी खिशातून पेन काढलं, नियमांच्या कागदावर एक ओळ खोडली आणि म्हणाले, "करेक्ट आहे. कच्च्या लिंबामुळे गेमची मजाच जाते. सुपर फीडबॅक, पूर्वा."

पूर्वा उठून स्वयंपाकघरात आली. मी मागोमाग गेले. ती अनारशांचा डबा भरत होती. मऊ पडलेले वेगळे काढून, चांगले खाली लावत, शांतपणे. रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही.

"आई, उद्या मी ऑफिसला जातेय. नेहमीसारखी. साइटवर स्लॅब आहे."

"आणि कंपनी?"

"ज्या दिवशी त्याला माझ्या चुकीची भीती वाटेल, त्या दिवशी बघू."

त्या फोनपासूनची माझी काळजी उतरली. पण पूर्ण नाही. लग्न काही राजीनाम्यासारखं मागे घेता येत नाही आणि हा माणूस तिला आवडतो, हेही मला दिसतं. ती डबा घेऊन बाहेर गेली, तेव्हा त्याने घाईघाईने पट आवरून तिच्यासाठी खुर्ची मोकळी केली होती. पाणीही आणून ठेवलं होतं. चुकलं काय ते कळलं नसलं, तरी काहीतरी चुकलं एवढं त्याला कळलं असावं. या माणसाला आजवर कुणी बाद केलेलंच नाही. दोन कंपन्या बुडाल्या, वडील म्हणाले असू दे. जेवायला दोन तास उशिरा आला, सासू म्हणाली असू द्या. वरण सांडलं, सासरा म्हणाला असू द्या. टेबलाभोवती आम्ही चौघं होतो आणि कच्चं लिंबू म्हणून दोघींकडे बोट दाखवणारा माणूसच सगळ्यात कच्चा होता.

निघताना दोघं पाया पडले. जावई चपला घालता घालता म्हणाले, "आई, आज फारच उशीर झाला. तुमचं जेवण गार झालं. सॉरी हं."

आणि ते थांबले. दार धरून, नेहमीचा शब्द ऐकायला. हेही माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणाले, "हो. झालं खरं."

जावयांचा चेहरा असा झाला, जणू पंक्चरचा पत्ता पहिल्यांदाच त्यांच्या हातात आला होता. पूर्वा जिन्यात वळून माझ्याकडे बघून हसली. मग दोघं खाली उतरली, डबा तिच्या हातात आणि खोकं त्यांच्या.