वानखडे काकांचा अडकलेला बॅनर

मंडळी, आज दुपारी डोकं फुटायची वेळ आली होती.

अकोल्यात माझं फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. वानखडे काकांच्या नातीच्या वाढदिवसाचा बॅनर संध्याकाळच्या आत लावायचा होता, काका शेजारीच बसलेले, आणि स्क्रीनवरचं चित्र सरकेना. माउसने ओढलं की थबकायचं, मग झटका देऊन भलतीकडेच जायचं.

"काहून अटकून राह्यलं वं पोरी?" काकांचं आपलं चालूच.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला, ग्राफिक्सची सेटिंग बदलली. काही फरक नाही. शेवटी फाइलमधले लपवलेले लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, उघडले आणि कपाळावर हात मारला.

आमच्या दुकानात एखाद्या घरचा नवा बॅनर त्यांच्या जुन्याच फाइलवर होतो. मध्ये त्या घराचं कोणाशी बिनसलं की त्याचा फोटो मी फक्त लपवते, कारण पुढच्या कार्यक्रमाला तो माणूस परत येतोच. वानखड्यांचे असे कितीतरी रुसवे, मोबाइलच्या भल्यामोठ्या फोटोंसकट, त्या फाइलमध्ये साठले होते. सगळं वजन त्यांचंच.

काकांना विचारत एकेक फोटो पुसत गेले. चित्र अलगद सरकायला लागलं, माझाही जीव भांड्यात पडला.

शेवटचा फोटो त्यांच्या धाकट्या भावाचा. काकांनी हात वर करून मला थांबवलं.

"याले नको पुसू. वर घे, माह्या बाजूले."

बॅनर वेळेत लागला. आत्ताच काकांचा फोन येऊन गेला. भाऊ वाढदिवसाला आला, बॅनरपाशी थांबला आणि पहिलं वाक्य बोलला, "माहा फोटो इतका जुना काहून लावला?"

तुमच्या घरच्या बॅनरमागे कोण लपलंय?